आत मोटर आहे का?

“आत मोटर आहे का?” मी विचारलं.

किणीकर हसला. “मोटर? अहो वहिनी, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे हा. चटण्या वाटायचा मिक्सर नाही आणला मी मुंबईहून.”

डॉक्टर ओकांच्या तळघरात जमलेले सगळे हसले. वर स्वयंपाकघरात ओकवहिनी बटाटेवडे तळत होत्या, तो वास जिन्यावरून खाली येत होता. मधोमध, गालिच्यावर, ती पेटी उभी होती. काळ्या रेक्झिनची, माझ्या छातीला लागेल एवढी उंच, पुढे जाळी आणि मागे लाकडी फळीला पितळी कुलूप. तिच्याशेजारी खुर्चीवर सुहास किणीकर पाय पसरून बसला होता. सिल्कचा झब्बा, बोटात पोवळं. हवाईयन गिटारचा बादशहा, असं मंडळाच्या पत्रकावर छापलं होतं. पत्रक डॉक्टर ओकांनी स्वतः लिहिलं होतं. ते मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांना विशेषणं आवडत.

ओहायोतल्या आमच्या मंडळात गुढीपाडवा सोयीने पाडव्यानंतरच्या रविवारी यायचा. भारतातून कलाकार आला की तो कोणाच्या तरी घरी उतरायचा, आणि बाकीची कामं वाटून घेतली जायची. कोणी श्रीखंड करायचं, कोणी सतरंज्या आणायच्या. विजेचं काम माझ्याकडे असायचं, कारण मी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा चालवत होते. त्या शनिवारी दुपारी ओकांचा फोन आला, म्हणून मी गेले होते.

“झालं काय,” ओक म्हणाले, “साहेबांनी प्लग लावून बघितला, तर पेटी नुसती कण्हते. लंडनला ठणठणीत चालली म्हणे.”

“लंडनला दोनशे चाळीस व्होल्ट आहेत,” मी म्हणाले. “इथे त्याच्या निम्मे. अर्ध्यापोटी कण्हणारच.”

“म्हणजे बिघडली नाही ना?” किणीकरने विचारलं.

“नाही. उलटं झालं असतं, इथली पेटी तिकडे लावली असती, तर जळाली असती. व्होल्ट मी वाढवून देते. त्याला ट्रान्सफॉर्मर लागेल, तो आमच्या प्रयोगशाळेत आहे.”

“झालं तर मग!” ओकांनी टाळी वाजवली.

“एक गोष्ट राहिली. इथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो, हेलकावे बदलत नाही. दिव्याला, अ‍ॅम्प्लिफायरला त्याने काही फरक पडत नाही. पण काही मोटरी हेलकावे मोजून फिरतात. त्या इथे जास्त वेगाने फिरतील. म्हणून विचारते, आत मोटर आहे का?”

किणीकरने माझ्याकडे पाहिलं. मग ओकांकडे पाहून तो पुन्हा हसला. “डॉक्टर, तुमच्याकडे बायका फार शिकलेल्या हो! आम्हाला सुरांशी मतलब. हेलकावे गळ्यातले आणि बोटातले.”

“नाही म्हणजे नाही ना?” मी विचारलं.

“नाही हो. शपथ घेऊ का?”

कोपऱ्यात तबलजी केशव गुरव बसला होता. तो आपल्या नखांकडे पाहत होता.

“मग ट्रान्सफॉर्मर उद्या थेट हॉलवर घेऊन येते,” मी म्हणाले. “आज शनिवार, प्रयोगशाळा बंद असते.”

ट्रान्सफॉर्मर बाहेर, माझ्या गाडीच्या डिकीत होता.

मी किणीकरला तोंडावर अहोजाहो करत होते. मनात कधीच केलं नाही. त्याने मला ओळखलं नव्हतं. त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा मी परकर-पोलक्यातली, दोन वेण्यांची वसू होते. माझे वडील यशवंत माळगे सोलापुरात गिरणीच्या हापिसात कारकून होते आणि संध्याकाळी दोन खोल्यांच्या आमच्या घरात हवाईयन गिटार शिकवायचे. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी. ती कांडी तारेवरून ते अशी सरकवायचे की, आई म्हणायची, तारेला कळतसुद्धा नाही कुणी बोट लावलं.

किणीकर तेव्हा आमच्याचकडे राहायचा. त्याच्या घरी सावत्र आई होती, म्हणून बाबांनी त्याला ठेवून घेतलं होतं. माझ्या शेजारच्या पाटावर तो जेवायचा. दोन भाकऱ्या माझ्या, चार त्याच्या. हात बरा होता त्याचा. पण बाबांच्या चालीतली ती लांब, सावकाश ओढ त्याला जमायची नाही. मधेच कांडी थरथरायची, सूर कापायचा. बाबा रागवायचे नाहीत. त्यांनी जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर मिळवला आणि त्याला घोटायला म्हणून आपल्या सहा चाली स्वतः वाजवून भरून ठेवल्या. बटण दाबायचं काम माझं होतं.

एक दिवस किणीकर म्हणाला, “मास्तर, स्पूल द्या, टेपरेकॉर्डरही द्या. मुंबईला रेकॉर्ड कंपनीत ओळख निघालीय माझी. तुमचं वाजवणं त्यांना ऐकवतो.” आईने त्याला वाटेत खायला शेंगाचटणी आणि दशम्या बांधून दिल्या. बाबा स्टेशनवर पोचवायला गेले.

त्यानंतर आला तो थेट रेडिओवरून. पहिली रेकॉर्ड निघाली, दुसरी निघाली. ‘सुहास किणीकर यांच्या स्वतंत्र रचना.’ बाबांनी पहिली रेकॉर्ड पानाच्या दुकानात उभं राहून ऐकली. ते घरी येऊन एवढंच म्हणाले, “माझंच आहे गं. माझाच हात आहे.” आई म्हणाली, पत्र लिहा, वकील गाठा. बाबा म्हणाले, “कोणाला पटणार?”

त्याच साली गणपतीत, गल्लीतल्या मंडपात, बाबा ती चाल वाजवायला बसले. वाजवून झाल्यावर मंडळाचा सेक्रेटरी हार घालायला पुढे आला आणि माईकसमोरच म्हणाला, “व्वा मास्तर! किणीकरांची नक्कल झकास करता हो. डोळे मिटले तर फरकच कळत नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. बाबा हसले, त्यांनी हार घालून घेतला. घरी येऊन त्यांनी गिटारच्या सगळ्या तारा ढिल्या केल्या. पुन्हा त्या ताणल्या नाहीत. शिकवण्याही बंद झाल्या, कारण नक्कल करणाऱ्याकडे कोण शिकायला येणार? मी अमेरिकेत आले आणि दुसऱ्या थंडीत ते गेल्याची तार आली.

तळघरातून निघताना किणीकर माझ्या मागे जिन्यापर्यंत आला. इतरांना ऐकू जाणार नाही असा आवाज काढून म्हणाला, “वहिनी, ते मोटरचं म्हणत होतात... समजा, एखाद्या पेटीत असलीच, तर काय करतात लोक?”

“असली तर मला सांगायचं. मी सोय करून देते.”

“तुम्ही पेटी उघडणार?”

“उघडल्याशिवाय कशी करणार?”

तो पोवळ्याची अंगठी फिरवत उभा राहिला. सांगतो की काय, असं मला क्षणभर वाटलं. “सहज विचारलं हो,” तो म्हणाला. “लंडनला काही अडचण आली नाही, तर इथे कशाला येईल?”

लंडनलाही सेकंदाला पन्नासच हेलकावे असतात. ते मी त्याला सांगितलं नाही.

कारण पेटीत काय आहे, ते मला माहीत होतं. माझी नणंद लंडनला असायची. महिन्यापूर्वी तिने किणीकरच्या तिथल्या कार्यक्रमाची कॅसेट मला पाठवली होती, ‘तुला गिटार आवडते म्हणून’. भांडी विसळता विसळता मी ती लावली. तिसरी चाल निम्म्यावर आली आणि मी नळ बंद केला. कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. गिटारच्या मागे, फार लांब, एक भोंगा वाजत होता. पाळी सुटल्याचा, गिरणीचा भोंगा. त्या दिवशी सोलापुरात भोंगा झाल्यावर बाबा म्हणाले होते, “पुन्हा भरूया का गं?” आणि मी म्हणाले होते, “एवढा बारीक कुणाला ऐकू येतोय बाबा?” लंडनच्या हॉलमध्ये सोलापूरच्या गिरणीची पाळी सुटत होती.

म्हणजे तो नुसत्या चाली वापरत नव्हता. कांडी तारांच्या वर धरून, न टेकवता फिरवत होता, आणि आतल्या स्पूलवरून बाबा वाजवत होते.

तसं कोणाला सांगितलं असतं तर? मास्तरची मुलगी आहे, बोलणारच, असंच म्हणाले असते लोक. बाबांनी विचारलेलाच प्रश्न होता, कोणाला पटणार. मी महिनाभर त्यावर विचार केला. मग कॉलेजातून दोन यंत्रं घरी आणली, घरच्या टेबलावर जोडून पाहिली आणि गाडीच्या डिकीत ठेवली, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी.

रविवारी शाळेचा हॉल भरला होता. आमच्या आधी तिथे कोणाचं तरी लग्न होतं, त्यामुळे हॉल उशिराच हाती लागला. गुढी उभारून होईपर्यंत लोक खुर्च्यांवर येऊन बसलेही. किणीकर पडद्यामागे घाईघाईने पेटी लावत होता.

“वहिनी, द्या लवकर तो तुमचा ट्रान्सफॉर्मर.”

मी तो जोडला. पेटीवरचा लाल दिवा लागला. त्याने गिटारची वायर खोचली, एक तार छेडली. आवाज खणखणीत आला.

“वा!” तो म्हणाला. “बघा, झालं की नाही? उगीच घाबरवत होतात.”

“बाकी काही तपासायचं आहे?” मी विचारलं. “मी बाहेर थांबते हवं तर.”

त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं. ओक माईकवर विशेषणं वाचायला लागले होते. “नको,” तो म्हणाला. “चला गुरव, बसा.”

मी रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या दोऱ्यांजवळ स्टूल घेऊन बसले.

पहिलं एक साधं नाट्यगीत त्याने स्वतः वाजवलं. बरं वाजवलं. टाळ्या पडल्या. मग त्याने माईक ओढला. “आता माझी एक स्वतःची रचना सादर करतो. ही चाल मला सुचली तेव्हा मी पंढरपूर रोडवर, एका झाडाखाली बसलो होतो. आपोआप डोळ्यांत पाणी आलं. ऐकता ऐकता तुमच्याही आलं तर रुमाल काढा, लाजू नका.”

लोक कौतुकाने हसले. गुरवने तबला मिळवून घेतला, काळी एकमध्ये. किणीकरने डोळे मिटले, कांडी तारांवर आणली आणि झब्ब्याच्या घेराखाली पायाने पेडल दाबलं.

पेटीतून जे आलं, ते मी घरच्या टेबलावर हिशोब करून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्ष ऐकायला वेगळंच होतं. पाचाला सहा या प्रमाणात सगळं पळत होतं. सूर काळी एकवरून उडी मारून पांढरी तीनच्याही थोडा वर गेला होता. ती सावकाश, रडवणारी चाल वरातीच्या बँडसारखी तुरुतुरु निघाली. ओढीच्या जागी किंचाळ्या. किणीकरचा हात अजून पहिल्या सुरावर होता आणि पेटी दुसरी ओळ संपवत होती. त्याने डोळे उघडले. हात पळवायला लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, खिडकीची काच पुसल्यासारखा.

“अहो, पट्टी बदलली!” गुरव कुजबुजला, पण माईक त्याच्या तोंडाशीच होता. “काळी एक ठरली होती की! मी आता काय करू?”

पहिल्यांदा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मग हसणं पुढे पुढे आलं. “रुमाल काढा रे!” एक जण ओरडला. किणीकरने हात तारांवरून पूर्ण उचलून घेतला आणि पेटी वाजतच राहिली. मग त्याला पेडल आठवलं. आवाज थांबला. मी दोरी ओढून पडदा पाडला.

तो उठून सरळ माझ्याकडे आला. कपाळावर घाम होता. “काय केलंत तुम्ही? काय केलंत माझ्या पेटीचं?”

ओक धावत आत आले. “वसुधाताई, अहो हे काय? ट्रान्सफॉर्मर बिघडला का?”

“ट्रान्सफॉर्मरच!” किणीकर म्हणाला. “बायकांच्या हातात वायरी दिल्या की हेच व्हायचं. डॉक्टर, यांना बाहेर माईकवर जाऊन सांगू दे. माझी चूक झाली, चुकीची वीज दिली. माझी अब्रू गेलीय तिकडे!”

“गिटारच्या तारेवर वीज परिणाम करत नाही, डॉक्टर,” मी म्हणाले. “पहिलं नाट्यगीत नीट वाजलं. तुम्ही ऐकलंत. आणि काल तुमच्या तळघरात मी एक प्रश्न विचारला होता. तुमच्यासमोर.”

ओक थांबले. भूल देणारे डॉक्टर होते ते, हळू बोलायचे आणि नीट बघायचे. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग कुलपाकडे. “किणीकर,” ते म्हणाले, “आत मोटर आहे का?”

पडद्यापलीकडे लोकांचा गलका चालला होता.

“सांगून टाका साहेब,” गुरव म्हणाला. “अजून पाच गावं राहिलीत. तिथे पण हीच वीज असणार.”

किणीकरने खिशातून किल्ली काढली. फळी मी उघडली. आत, फळकुटांवर पट्ट्यांनी आवळून, आमचा टेपरेकॉर्डर होता. बटणाच्या कोपऱ्याला माझ्या हातून पडलेला टवका तसाच होता.

“डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर जाऊन दहा मिनिटांची मुदत मागता का?” मी म्हणाले. ओक गेले. जाताना त्यांनी किणीकरकडे पाहिलं नाही.

“तुम्ही कोण आहात?” किणीकरने विचारलं.

“वसुधा यशवंत माळगे.”

तो हसायचा प्रयत्न करायला लागला. “वसू? अगं... तू आमची वसू? अगं, मग बोलायचं नाहीस का काल? मास्तर कसे आहेत?”

“गेले.”

“अरेरे. कळलंच नाही गं मला. माझे बापच ते.” त्याने माझा हात धरायला हात पुढे केला. मी स्क्रू ड्रायव्हर बदलून त्या हातात घेतला.

“हे बघ वसे,” तो घाईने म्हणाला, “आता हे निस्तर. तू शिकलेली आहेस. काय पाहिजे ते सांग. पुढच्या रेकॉर्डच्या मागे मास्तरांचं नाव घालतो. ‘गुरुवर्यांच्या चरणी’ असं. फोटोसकट.”

“पुढच्या नाही. आत्ता. पन्नास हेलकाव्यांची वीज मी तयार करून देऊ शकते, यंत्रं माझ्या गाडीत आहेत. मोटर पाहिजे त्या वेगाने फिरेल. पण आधी तुम्ही माईकवर जायचं आणि सांगायचं, की ही चाल यशवंत माळगे यांची आहे आणि वाजवताहेत तेही यशवंत माळगे.”

“मग मी काय करू तिथे? शोभेला बसू?”

“हात मांडीवर ठेवून बसायचं.”

“संपवायला निघालीस तू मला.”

“हो,” मी म्हणाले.

गुरव खाली मान घालून हसला. किणीकर त्याच्यावर खेकसला, मग माझ्याकडे वळला. “आणि नाही सांगितलं तर?”

“तर फळी उघडी ठेवून पडदा वर करते. दोरी माझ्याकडेच आहे.”

तो खुर्चीवर बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि डोळ्यांत चमक आली. लहानपणी ताटातली शेवटची भाकरी उचलायच्या आधी यायची, तीच. “ठीक आहे,” तो म्हणाला. “सांगतो. आण तुझी यंत्रं.”

मी यंत्रं आणली. टेपरेकॉर्डरची वायर पेटीतून सोडवून माझ्या यंत्राला जोडली. स्पूल मागे गुंडाळून चालीच्या सुरुवातीला आणलं. गुरवला म्हटलं, “तबल्याचा सूर द्या.” आवाज अगदी बारीक ठेवून मी टेप जराशी चालवून पाहिली आणि यंत्राची चकती साठावरून खाली फिरवत आणली. सूर उतरत उतरत तबल्यापाशी आला आणि त्यात बसला. चकतीचा काटा पन्नासावर होता.

“मास्तरच,” गुरव म्हणाला. “आमच्या गल्लीत शिकवायचे ते, मी खिडकीतून ऐकलंय. बोललो नाही ताई कधी. पोटासाठी.”

पेडलची वायर पेटीबाहेर लोंबत होती. ती मी परत खोचली नाही. पेटी मी कडेला, माझ्या स्टुलाजवळ ओढून घेतली, टेपचं बटण माझ्या हातात राहिलं.

पडदा वर गेला. किणीकर माईकसमोर उभा राहिला, हात जोडून. आवाज भरून आणला होता.

“रसिकहो, मघाशी जी गंमत झाली ती परक्या विजेची करामत होती. एक गुपित होतं, ते आज तुमच्यापुढे उघड करतो. ही चाल माझे गुरू, सोलापूरचे कैलासवासी यशवंत माळगे यांची. त्यांचा दुर्मिळ आवाज मी वर्षानुवर्षं या पेटीत जपून, देवासारखा बरोबर घेऊन फिरतो. आज प्रथमच, गुरू ध्वनिफितीवर आणि शिष्य तुमच्यासमोर, अशी जुगलबंदी तुम्हाला ऐकवतो. आधी गुरू, मग शिष्य. आणि योगायोग पाहा, त्यांची कन्या आज इथेच आहे!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. किणीकरने वळून माझ्याकडे पाहिलं. मघाचा घाम वाळला होता. यंत्रं आणताना ओकांना मी काय ठरलं ते सांगितलं होतं, ते आता माझ्या शेजारी येऊन उभे होते. “वसुधाताई, ठरलं होतं ते हे नाही ना?” ते पुटपुटले. “थांबवू का?”

“नको,” मी म्हणाले. “छान बोलले.”

मी बटण दाबलं.

बाबांनी वाजवायला सुरुवात केली. पहिली ओढ आली, खालून वर, न तुटता, आणि खुर्च्यांची करकर थांबली. किणीकर मान डोलावत, डोळे मिटून बसला होता. हात खरोखरच मांडीवर होते, आता त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मध्यावर कुठेतरी लांब भोंगा झाला. बाबा त्याच्यावरून तसेच पुढे गेले. शेवटचा सूर त्यांनी फार वेळ धरला, विरू दिला.

टाळ्या सुरू झाल्या. किणीकरने पायाने पेडल दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं.

स्पूल फिरत होतं. त्या टेपा बाबांनी कशासाठी भरल्या होत्या, हे तो विसरला असेल. इतकी वर्षं प्रत्येक चालीच्या शेवटी न चुकता पेडल दाबल्यावर माणूस विसरतोच. मी विसरले नव्हते. त्या वेळी बटणापाशी मीच होते.

“हं,” पेटीतून बाबांचा आवाज आला. अगदी जवळून, पाटावर शेजारी बसल्यासारखा. “आता तू वाजव, सुहास.”

लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. आधी गुरू, मग शिष्य. कोणीतरी “वा!” म्हणालं आणि टाळ्या पुन्हा वाढल्या, मग पटकन थांबल्या, ऐकायला. किणीकर हलला नाही. टेपवर बाबांनी शिष्याला वाजवायला जागा सोडली होती. आख्खी चाल मावेल एवढी. स्पूलची बारीक खरखर तेवढी हॉलभर येत होती.

गुरवने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठेका धरला.

किणीकरने कांडी उचलली. गिटारची वायर जोडलेलीच होती. पहिला सूर बरा लागला. मग ती ओढ आली, खालून वर जायची. मधे कांडी थरथरली आणि सूर कापला. त्याने पुन्हा धरला. पुन्हा कापला. पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला. कोणी हसलं नाही. सगळे नुसते ऐकत होते, आणि आता त्यांच्या कानात बाबांचं ताजं होतं. किणीकर तिसऱ्या ओळीवर अडकला, मागे गेला, परत अडकला. मग त्याने कांडी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, बंद कर म्हणून.

“ताई?” ओक हळूच म्हणाले.

मी बटणावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. गुरव ठेका देत राहिला. ठेका संपेना, जागा संपेना. किणीकर लोकांसमोर बसून होता.

शेवटी जागा संपली. बाबा जरासे खाकरले.

“पुन्हा,” ते म्हणाले.